घास अडकतो, तरी बँड सैल करायची भीती वाटते

मागच्या महिन्यात गॅस्ट्रिक बँडबद्दल, म्हणजे वजन उतरवायला पोटाच्या वरच्या टोकाभोवती बसवतात आणि आत पाणी भरून आवळता येते त्या पट्टीबद्दल, एक चार ओळींचं उत्तर दिलं होतं, त्यानंतर आलेली पत्रं वाचून मी खरंच अस्वस्थ झाले. आपल्याकडे आता नवीन बँड फारसे कोणी बसवत नाही, स्लीव्ह नाहीतर बायपास ही वजन उतरवायची दुसरी ऑपरेशनं होतात, त्यामुळे दहा-पंधरा वर्षांपूर्वी ज्यांनी बँड बसवून घेतला त्यांना आता कोणाला विचारावं तेच कळत नाही. शेजारीपाजारी सांगितलेलं नसतं, घरच्यांना पूर्ण माहिती नसते. आणि जवळजवळ प्रत्येक पत्रात तक्रार एकच, बँड टाईट झालाय. म्हणून या वेळचं सगळं सदर त्याच्यासाठी. मी आहारतज्ज्ञ आहे, सर्जन नाही, बँडवाल्या पेशंटसोबत बरीच वर्षं काम केलंय त्यावरून लिहितेय, तुमच्या पोटावर हात ठेवून तपासणाऱ्या डॉक्टरांचा शब्द शेवटचा धरा.

प्रश्न: ताई, माझं वय ४६, कल्याणला राहते. २०१२ ला बँड बसवला तेव्हा ११२ किलो होते, दोन वर्षांत ३१ किलो उतरले. मग वजन ८४ वर येऊन बसलं ते हलेच ना, म्हणून चार महिन्यांपूर्वी मीच डॉक्टरांच्या मागे लागून अर्धा मिली पाणी जास्त भरून घेतलं. तेव्हापासून सकाळी चहासुद्धा छातीत थांबतो, दुपारी पोळी-भाजीचे दोन घास गेले की तिसरा अडकतो आणि बेसिनकडे पळावं लागतं, नुसती लाळ आणि फेस येतो, मग घास बाहेर. रात्री आडवं झालं की खोकला, उशीवर आंबट पाणी येतं, तीन उशा लावून झोपते. संध्याकाळी मात्र चहात बुडवलेली बिस्किटं, आईस्क्रीम, शेवया सगळं जातं. नवरा म्हणतो उलटी होतेय म्हणजे बँड काम करतोय, पैसे वसूल. पण वजन तर ८८ झालंय! पाणी काढून घ्यायला सांगतील म्हणून डॉक्टरांकडे जात नाही, काढलं तर परत ११२ होईन ही भीती वाटते. काय करू?

ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. सगळ्यात आधी एक सांगते, हा अंक हातात पडेल त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. पुढच्या महिन्याची अपॉइंटमेंट नको, याच आठवड्यातली मागा आणि फोनवर "रात्री खोकला येतो आणि आंबट पाणी वर येतं" हे शब्द जसेच्या तसे सांगा, ते ऐकलं की तिथले लोक थांबवणार नाहीत.

का एवढी घाई, ते समजून घ्या. पोटाच्या अगदी वरच्या टोकाला, अन्ननलिका संपते त्याच्या जरा खाली ती सिलिकॉनची पट्टी बसवलेली असते, तिच्यावर उरलेली पिशवी म्हणजे जेमतेम १५ ते ३० मिली, आपले पोहे खायचे दोन-तीन चमचे धरा. पट्टीच्या आतल्या बाजूला फुगा असतो आणि एका बारीक नळीने तो कातडीखालच्या पोर्टला, म्हणजे सुई टोचायच्या छोट्या डबीला, जोडलेला असतो. पोर्टमधून सलाईन भरलं की फुगा फुगतो, वाट अरुंद होते. लहान मापाच्या बँडमध्ये सगळं मिळून ४ मिली मावतं, मोठ्यात १० ते १४. तुम्ही जो अर्धा मिली वाढवलात तो म्हणजे फक्त दहा थेंब! दहा थेंबांनी माणसाचं जेवण पूर्ण बदलतं, इतकं ते नाजूक काम आहे.

आणि बँडचं काम अन्न अडवायचं नाहीच मुळी. नीट चावलेला छोटा घास बँडपाशी येतो, अन्ननलिका त्याला दोन-चारदा ढकलते, तो सावकाश खाली उतरतो, या उतरण्यात त्या जागेवर हलका दाब पडतो आणि पोट भरल्याचा निरोप वर मेंदूकडे जातो. म्हणजे घास जायला हवा. गेलाच नाही तर निरोपही जात नाही, नुसती कळ येते. तुमच्याकडे आता तेच चाललंय, म्हणून बेसिनवरून परत आलात तरी भूक तशीच असते आणि मग चहा-बिस्किटाकडे हात जातो. यात तुमचा लोभ नाही की मनाचा कमकुवतपणा नाही, हे मला ठळक लिहायचंय कारण पत्रात तुम्ही स्वतःलाच बोल लावलेत. टाईट बँडमधून पोळी जात नाही, डाळ-उसळ जात नाही, अंडं जात नाही, पण वितळणारं सगळं सरळ खाली जातं, आईस्क्रीम, मिल्कशेक, बुडवलेलं बिस्किट, चॉकलेट. वजन वाढायला ते पुरेसं आहे. जास्त टाईट बँडवर वजन वाढलेली माणसं मी खूप पाहिलीत, आणि त्यातल्या प्रत्येकाने आणखी पाणी भरून मागितलेलं असतं.

आता खोकल्याचं. घास अडकून लगेच बाहेर येतो तेव्हा तो आंबट नसतो, कारण तो पोटात पोचलेलाच नसतो, म्हणून नुसती लाळ-फेस. तुम्ही "आंबट पाणी" लिहिलंत ते मला खटकलं. एक तर खालचं ॲसिड वर येतंय किंवा वरच्या पिशवीत साठलेलं तिथेच आंबतंय, आणि आडवं झाल्यावर ते श्वासनलिकेकडे जातंय म्हणून खोकला. असं फुप्फुसात उतरत राहिलं तर न्यूमोनिया होऊ शकतो. दुसरं म्हणजे सततच्या ओकाऱ्यांनी खालचं पोट बँडमधून वर सरकतं, याला बँड स्लिप होणं म्हणतात, नाहीतर वरची पिशवी आणि अन्ननलिका ताणून रुंद होते. म्हणून ॲसिडिटीची गोळी घेऊन हे दाबून ठेवू नका. आधी चांगला चाललेला बँड आणि आता रात्रीचा खोकला, असं झालं की टाईट किंवा स्लिप हेच आधी बघायचं असतं. डॉक्टर एक्स-रे काढतील किंवा बेरियम (एक्स-रेत उठून दिसणारं औषध) प्यायला देऊन बघतील, पट्टी तिरकी झालीय का, बेरियम किती वेळ वर थांबतंय, ते त्यात दिसतं.

पाणी काढणं म्हणजे काय होतं ते सांगते, कारण भीती बरीचशी त्याचीच असते. ओपीडीतलं काम आहे. टेबलावर झोपवून डॉक्टर बोटांनी पोर्ट चाचपतात, कधी मान उचलायला सांगतात म्हणजे पोटाचे स्नायू कडक होऊन पोर्ट हाताला लागतं, मग एक सुई, सिरिंजमध्ये पाणी येतं, संपलं. उठून बसल्यावर हातात पाण्याचा ग्लास देतात. माझ्यासमोर एक बाई होत्या, त्यांनी सवयीने एवढासा घोट घेतला, थांबल्या, डोळे मिटून वाट बघत बसल्या की आता वर येईल. नाही आलं. मग दुसरा घोट, मग अर्धा ग्लास सलग प्यायल्या आणि रडायलाच लागल्या, म्हणाल्या सात महिन्यांनी पाणी असं प्यायले. बाहेर त्यांची मुलगी बसली होती, तिला बोलावून परत पिऊन दाखवलं.

वजनाची भीती खोटी नाहीये, भूक वाढणार हे आधीच धरून चला. बहुतेक वेळा सगळं नाहीतर बरंचसं पाणी काढून बँडला चार-सहा आठवडे विश्रांती देतात, सूज उतरते, ताणलेली पिशवी पूर्ववत होते, मग थोडं थोडं परत भरतात. या आठवड्यांत दोन किलो वाढले तर वाढू देत. पण आता तुम्हाला परत खरं अन्न खाता येणार आहे त्याचा फायदा घ्या. ताटात आधी प्रोटीन, दिवसाला साधारण ६० ग्रॅमचं लक्ष्य असतं, म्हणजे अंडं, दही, पनीर, मुगाचं धिरडं, उसळ, खात असाल तर मासे, आणि भाजी, आणि शेवटी जागा राहिली तर भात-भाकरी. बिस्किटं घरात आणूच नका. परत भरताना दहा थेंबसुद्धा वजनकाट्याकडे बघून भरून घेऊ नका, दोन जेवणांमध्ये भूक लागते का आणि घास सुखाने उतरतो का एवढंच बघून भरायचं.

पोळीबद्दल वेगळं लिहिते कारण प्रत्येक पत्रात पोळी आहे. मऊ ताजी पोळी चावली की तोंडात परत कणकेचा गोळा होतो आणि बँडपाशी तो बुचासारखा बसतो, पावाचंही तसंच. ज्वारी-बाजरीची भाकरी तुटते, तिचा गोळा होत नाही, म्हणून भाकरीचा पापुद्रा आमटीत कुस्करून बऱ्याच जणांना जातो, खाकरा कुडकुडीत चावून जातो. मोकळा फडफडीत भात फसवतो, त्याची शितं वर साठत राहतात आणि दहाव्या मिनिटाला सगळं एकदम छातीत येतं, त्यापेक्षा आसट भात-वरण बरं, पण तेही चार चमचे. साबुदाण्याची खिचडी मात्र बँडवाल्यांनी विसरावी असंच मी म्हणेन. उपासाला भगर आणि दाण्याची आमटी खा, सरसरीत करून.

नवऱ्यांना हे पान वाचायला द्या. उलटी होणं म्हणजे बँड काम करणं नाही, बँड नीट असेल तर उलटी होत नाही.

प्रश्न: वय ३८, नागपूर, माझा बँड तसा ठीक आहे, फिल घेऊन म्हणजे बँडमध्ये पाणी भरून वर्ष झालं. पण ऑफिसमध्ये घाईघाईत डबा खाल्ला की महिन्यातून एक-दोनदा अडकतंच, छातीच्या मधोमध दुखतं, तोंडाला पाणी सुटतं, डावा खांदाही दुखतो. मित्र म्हणतात वरून पाणी पी, सोडा पी, ढकललं जाईल. पाणी प्यालो की अजून वाईट होतं. त्या क्षणी नेमकं करायचं काय?

दादा, वरून काहीही ओतायचं नाही. वाट बंद आहे, पिशवी दोन-तीन चमच्यांची आहे, त्यावर ग्लासभर पाणी गेलं तर ते जाणार कुठे, वरच येणार. सोड्याने तर गॅस होऊन पिशवी आणखी ताणते. पपईच्या, अननसाच्या रसाने मांस विरघळतं म्हणून तोही लोक पितात, त्याच्याही नादी लागू नका.

पहिली जाणीव झाली की डबा बंद. बहुतेकांना एखादी खूण असते, कोणाला उचकी लागते, कोणाला एकदम शिंक, कोणाचं नाक वाहतं, ती खूण म्हणजे तो शेवटचा घास, त्यापुढचा "एकच घेतो" तोच अडकतो. उभे राहा, कॉरिडॉरमध्ये सावकाश चाला, खांदे सैल सोडा. तोंडात येणारी चिकट लाळ गिळू नका, थुंका, ती गिळली की पुन्हा वरच चढते. घशात बोटं घालू नका. बरेचदा अर्ध्या-एक तासात घास खाली उतरतो किंवा आपोआप वर येतो.

आणि सगळे चुकतात ते यानंतर! सुटलं की भूक लागलेली असते, माणूस लगेच उरलेला डबा उघडतो. अडकलेल्या जागी आतून सूज आलेली असते, तिथे परत पोळी गेली की परत अडकणार, परत सूज, आणि दोन दिवसांत चांगला बँड टाईट होऊन बसतो, पाणी भरलेलं नसतानाही. म्हणून एकदा अडकलं की दुसऱ्या दिवशीपर्यंत नुसतं पातळ, ताक, पेज, गाळलेलं वरण, मग एक दिवस मऊ, आणि मग नेहमीचं. सूज येऊन टाईट होणं पाळीच्या दिवसांत, सर्दीत, खूप ताण असला की सुद्धा होतं, आणि सकाळी तर बऱ्याच जणांचा बँड आवळलेलाच असतो, त्यांनी नाश्त्याला कोमट काहीतरी पिऊन खाणं अकरापर्यंत ढकललं तर बिघडत नाही.

डब्याचं म्हणाल तर घास करंगळीच्या नखाएवढा, तोंडात त्याची पेस्ट होईपर्यंत चावायचा, गिळला की चमचा खाली ठेवून मिनिटभर थांबायचं. वीस मिनिटांत जेवढं झालं तेवढंच, बाकी झाकून ठेवा. जेवताना पाणी नाही, नंतरही अर्धा-पाऊण तास नाही. ऑफिसात हे जमत नाही हे मला माहितीये, मीटिंगच्या आधी दहा मिनिटं हातात असतील तर त्या दिवशी डबा खाऊच नका, ताकाची बाटली ठेवा आणि जेवण चार वाजता करा.

हॉस्पिटल कधी गाठायचं ते मात्र पाठ करून ठेवा. स्वतःची लाळसुद्धा गिळता येत नाही, पाण्याचा घोटही राहत नाही आणि तासन्‌तास असंच आहे, पोटात किंवा छातीत सतत जोराची कळ आहे, उलटीत रक्त आहे, ताप किंवा धाप आहे, तर रात्रीचे दोन असले तरी निघा. छातीत दुखून घाम येत असेल, हाताकडे कळ जात असेल तर घास अडकला असेल म्हणून बसून राहू नका, ईसीजी काढून घ्या. इमर्जन्सीत गेल्यावर पहिलं वाक्य हेच, "मला गॅस्ट्रिक बँड आहे, त्यातलं पाणी काढायला लागेल". आणि आठवडा-दोन आठवडे उलट्या चालू असतील तर त्यांना बी-वन व्हिटॅमिनची म्हणजे थायमिनची आठवण करून द्या, ग्लुकोजचं सलाईन लावायच्या आधी थायमिन जायला हवं. ते शरीरात फार थोडं साठलेलं असतं, काही आठवड्यांत संपतं, आणि कमी पडलं की तोल जातो, डोळ्यांसमोर दोन-दोन दिसतं, बुद्धीला भ्रम होतो, वेळेत नाही मिळालं तर कायमचं नुकसान होतं.

प्रश्न: मी इंग्लंडमध्ये लेस्टरला असते, बँड तिकडेच बसवला. आता आईचं ऑपरेशन आहे म्हणून तीन महिने साताऱ्याला येतेय. मागच्या वेळी विमानात आणि उतरल्यावर दोन दिवस बँड खूप आवळल्यासारखा झाला होता. इकडे काही झालं तर साध्या डॉक्टरांना जमेल का?

विमानात बँड आवळल्यासारखा वाटतो हे बरेच जण सांगतात, एक-दोन दिवसांत सुटतोही. प्रवासात पातळच घ्या, घोट घोट पाणी चालू ठेवा, विमानातला तो थंड पाव आणि कोरडं चिकन नकोच. बँड आत्ताच काठावर टाईट वाटत असेल तर निघायच्या आधी थोडं पाणी काढून घ्या, तीन महिने जरा सैल राहिला तर काही बिघडणार नाही, साताऱ्यात मध्यरात्री टाईट झाला तर मात्र हाल होतील.

साध्या डॉक्टरांचं म्हणाल तर एक गोष्ट फार महत्त्वाची. पोर्टमध्ये नेहमीची इंजेक्शनची सुई घालायची नसते. तिने पोर्टच्या रबरासारख्या पडद्याचा तुकडा निघतो आणि पुढे तिथून पाणी झिरपत राहतं. त्यासाठी वेगळ्या टोकाची सुई असते, ह्यूबर नीडल म्हणतात. केमो पोर्टलाही तीच वापरतात, म्हणून बॅरियाट्रिक सर्जन, म्हणजे वजन उतरवायची ऑपरेशनं करणारा, जवळ नसला तरी कॅन्सर विभाग असलेल्या हॉस्पिटलमध्ये ती मिळू शकते. येताना ऑपरेशनचे कागद, बँडची कंपनी आणि माप, शेवटच्या फिलला किती मिली होतं, पोर्ट कुठे आहे, हे सगळं एका कागदावर लिहून पासपोर्टसोबत ठेवा, फोनमध्ये फोटोही. पुण्यात बॅरियाट्रिक सर्जन आहेत, साताऱ्याहून गाडीने दोन-अडीच तास, आल्या आल्या त्यांच्यापैकी एकाला फोन करून विचारून ठेवा की जुन्या बँडचं पाणी काढता का, सगळेच करतात असं नाही.

आणि आईच्या आजारपणात पाहुणे येणार, लेक इतक्या लांबून आली म्हणून ताटात वाढणार, आग्रह होणार. कोणाला काही समजावत बसू नका, "डॉक्टरांनी एका वेळी एवढंच सांगितलंय" हे वाक्य आपल्याकडे चालतं, डॉक्टरांचं नाव घेतलं की आत्या-मावश्या मागे हटतात.

प्रश्न: बँड २०१३ चा, आता नववा आठवडा चालू आहे, रोज पाच-सहा उलट्या. बाळंतपणाच्या डॉक्टरांना बँडचं सांगितलं नाहीये, सासरी माहीत नाही.

आज सांगा. डॉक्टरांना एकटीला भेटून सांगितलंत तर त्या सासरी सांगणार नाहीत. दिवस गेल्यावर उलट्या होत असतील तर बँडमधलं पाणी काढतात, बाळाला-तुम्हाला पोषण मिळावं म्हणून आणि बँड स्लिप होऊ नये म्हणूनही. फॉलिक ॲसिड, लोह, बी-१२, थायमिन यांचं रक्त तपासून काय किती घ्यायचं ते दोन्ही डॉक्टर मिळून ठरवतील. आत्ता वजनाचा विचार अजिबात नको, बँड बाळंतपणानंतर परत भरता येतो.

प्रश्न: माझा बँड २००९ चा, गेली चार वर्षं डॉक्टरांकडे गेलो नाही. आता काहीच अडकत नाही, भरपूर जेवतो, वजन सगळं परत आलं. पोर्टच्या जागी मात्र लाल होऊन दुखतंय. सैल झाला म्हणून दुर्लक्ष केलं तर चालेल ना?

नाही चालणार दादा. एकदम सगळं सैल होणं म्हणजे नळी किंवा पोर्टमधून गळती असेल, तेवढंच असतं तर मी घाई करा म्हटलं नसतं. पण इतक्या वर्षांनी पोर्टची जागा लाल होते आणि त्याचवेळी अडकणंही थांबतं, तेव्हा पट्टी पोटाच्या भिंतीतून झिजत आत गेलीय का हे बघावंच लागतं. दुर्बिणीने म्हणजे एंडोस्कोपीने कळतं. तसं असेल तर बँड काढावा लागेल, पाणी भरून उपयोग नाही. याच आठवड्यात सर्जनकडे जा, ताप आला तर आजच. जागेवर हळद-मलम काही लावू नका, शेकू नका, आणि आधीच्या डॉक्टरांकडे चार वर्षं गेलो नाही म्हणून लाज वाटत असेल तर दुसऱ्या सर्जनकडे जा, फक्त जुने कागद न्या.